थोरल्याचा हात

१

आमच्याकडे कामाची सुरुवात शांततेने होते. वाचणारा माणूस काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर बसतो, मी अलीकडे हेडफोन लावून बसते, एसी बंद करते, लाल दिवा लावते, आणि मग थोडा वेळ कुणी काही बोलायचं नाही. ती नुसती खोली रेकॉर्ड करायची. पुढे रेकॉर्ड केलेल्या पुस्तकातला खोकला, पोटातली गुडगुड, चुकलेला शब्द कापून टाकला की तिथे भोक पडतं. आमचे ऐकणारे सगळे अंध विद्यार्थी, त्यांना ते भोक लगेच कळतं. म्हणून त्यावर त्याच दिवशीच्या, त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लावायचं. "शांतता घेतली का गं?" असं आमच्या ऑफिसच्या मॅडम दारातून ओरडून विचारतात आणि मग ती पुन्हा घ्यावी लागते.

साहित्यात एम.ए. करून मी या कामाला लागले. बाबा माझ्या मागून आले. ते इतिहासाचे शिक्षक, निवृत्त झालेले. घरी बसून ते भाजीवाल्यालाही सनावळी विचारायला लागले, तेव्हा आईच म्हणाली, "यांना घेऊन जा गं तुझ्या त्या खोलीत. तिथे तरी यांनी बोलावं म्हणून बोलावतात."

बाबांचा आवाज चांगला आहे. भरदार, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मॅडमनी त्यांना एका वेढा पडलेल्या शहराचा इतिहास वाचायला दिला. जाडजूड पुस्तक. पहिले काही दिवस फार मजेत गेले.

मग एका सकाळी मी शांतता घेत होते आणि मला दोन श्वास ऐकू आले.

बाबांचा श्वास मला पाठ आहे. जड, सावकाश, सुटताना किंचित घरघरणारा. त्याच्या खाली दुसरा एक होता. लहान, भरभर, आणि शेवटाला बारीक शिट्टी वाजल्यासारखा, नाक चोंदलं की वाजतं तसा.

मला घरात दचकू म्हणतात. दाराची कडी पडली तरी मी उडते. त्यामुळे असलं काही सांगायला गेले की मी आधीच निम्मी हरलेली असते.  एसी बंद आहे ना ते पाहिलं. होता. माझाच श्वास असेल म्हणून तो रोखून धरला. शिट्टी चालूच राहिली. काचेपलीकडे बाबा चष्मा पुसत होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"सुरू करू का?" त्यांनी खुणेने विचारलं.

मी मान हलवली. माइक जुना आहे, असं मी स्वतःला सांगितलं. माइक खरंच जुना आहे.

२

माझा दादा माझ्यापेक्षा लहान आहे. बैठकीच्या खोलीत कपाटावर त्याचा फोटो आहे. त्यात तो शाळेच्या पहिल्या गणवेशात उभा आहे, भांग पाडलेला, एक मोजा खाली घसरलेला. मी कॉलेज संपवलं, नोकरीला लागले, आणि तो अजून तिथेच मोजा वर ओढायचा राहिलाय.

तळ्यात नाव उलटली तेव्हा मी तान्ही होते. आई तापाने घरी पडलेली, म्हणून बाबा आम्हा दोघांना हवा खायला घेऊन गेले होते. मी त्यांच्या छातीशी, दादा त्यांच्या उजव्या हाताला. घरात या सगळ्यावर एकच वाक्य आहे. "पाण्यात हात निसटला." आई ते म्हणते, आत्या म्हणते, मीही शाळेत मैत्रिणींना तेच सांगितलं. बाबा ते म्हणताना मी कधी ऐकलेलं नाही, पण इतरांनी म्हटल्यावर ते मान हलवतात.

पुस्तकातल्या त्या प्रकरणापर्यंत आम्ही पोचलो त्या दिवशी माझ्या डोक्यात हे काहीच नव्हतं. शहरात अन्न संपलेलं. सेनापतीने एक दरवाजा उघडायचं कबूल केलं, पण अट अशी, की एका मोठ्या माणसामागे एकच मूल बाहेर जाईल. कोठारावरचा एक कारकून आपल्या दोन मुलांना घेऊन त्या दरवाजाशी आला. बायको आधीच गेलेली. मागून गर्दीचा रेटा. पहारेकरी म्हणाला, लवकर ठरव.

"त्याने धाकट्याला छातीशी धरलं," बाबांनी वाचलं, "आणि थोरल्याचा हात निसटला."

माझ्यासमोर पुस्तकाची दुसरी प्रत असते. मी बटण दाबून म्हटलं, "बाबा, 'सोडला' आहे. थोरल्याचा हात सोडला."

"तेच म्हटलं मी."

"तुम्ही 'निसटला' म्हणालात."

"हो का?" त्यांनी पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं. "बरं. पुन्हा घे."

पुन्हा घेतलं. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तेच. मी हसले. मला खरंच हसू आलं, कारण मी लहान असताना हाच माणूस वर्गात मुलांना फैलावर घ्यायचा. राज्य गेलं म्हणू नका, कुणी घालवलं ते लिहा. गाव जळलं नाही, जाळलं. कर्ता शोधा, कर्ता!

"सर," मी म्हटलं, "कर्ता शोधा."

काचेपलीकडे बाबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा पाहून माझं हसू तिथेच थांबलं.

"आज पुरे," ते म्हणाले.

३

दुसऱ्या दिवशी बाबा डाव्या हाताने पानं उलटत होते.

आधी मला नुसतं काहीतरी खटकत होतं. पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून एक पद्धत असते. कोपरा आधीच उचलून ठेवायचा आणि वाक्य संपलं की हळूच सरकवायचा. बाबांना ती छान जमली होती. आता पान फडफडत होतं, दुमडत होतं. मग दिसलं, की उजवा हात टेबलावर नाहीच. तो खुर्चीच्या बाजूला खाली लोंबतोय. नुसता लोंबतही नव्हता. बोटं जराशी मिटलेली होती, आत काहीतरी मावेल इतकी.

 अर्धांगवायूची लक्षणं मी रात्रीच वाचून काढली होती, म्हणजे दुसऱ्याच कारणासाठी, मी अशी लक्षणं अधूनमधून वाचत असतेच. मी धावत आत गेले.

"बाबा, उजव्या हाताला काय झालं?"

"कुठे काय?"

"उचलून दाखवा बघू."

 ते अगदी साधेपणाने, फोनवर बोलणारा माणूस पाहुण्याला सांगतो तसं, म्हणाले, "आत्ता नको. हात गुंतलाय."

मी बाहेर आले. बाहेर येताना पायाला गार लागलं. खुर्चीच्या उजव्या अंगाला गालिच्यावर ओला डाग होता, ताटाएवढा. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एसी गळत असेल. त्या मेल्याला फोन करकरून माझं बोट झिजलं."

एसी बाबांच्या डाव्या अंगाला आहे.

घरी जाताना बाबांनी उजव्या हातानेच बसचा दांडा धरला, किल्ली फिरवली, पोळी मोडली. मी सगळं पाहत होते. हात धडधाकट होता.

४

मला दुसरे कान हवे होते. मॅडमचे नकोत, त्या सगळ्या ऑफिसला सांगतील. म्हणून मी त्या दिवशीची शांतता फोनवर घेतली आणि घरी आईसमोर बसले. आई मटार सोलत होती.

"हे ऐक जरा. काही ऐकू येतं का सांग."

"गाणं आहे का?"

"नाही गं. नुसती शांतता आहे."

"पगार देतात तुला याचा?" असं म्हणून तिने हात पदराला पुसले आणि हेडफोन लावले.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. सुरुवातीला तिथे नेहमीचीच कंटाळलेली आई होती. मग तिची नजर ताटातल्या मटारांवरून कुठेतरी समोर गेली आणि तिथेच राहिली. तिने कानावरची गादी तळव्याने घट्ट दाबली. रेकॉर्डिंग संपलं, तरी तिने हेडफोन काढले नाहीत. मी पुन्हा लावलं. तिने पुन्हा ऐकलं.

"सर्दी झालीय," ती शेवटी म्हणाली.

"कोणाला?"

"डोकं कधी नीट पुसून घेत नाही. पळतो नुसता." तिने एक शेंग उचलली आणि मोडली. "मी मागे लागायचे टॉवेल घेऊन."

 मला वाटलं होतं ती म्हणेल, वेडी आहेस, पंख्याचा आवाज आहे. त्यासाठीच तर मी तिच्याकडे गेले होते.

"आई, हा माइकमधला दोष असू शकतो. हवेचा दाब, काहीही..."

"हो, असेल की." तिने मान हलवली. ती पुन्हा मटार सोलायला लागली. मग मान वर न करता विचारलं, "त्याचा हात धरलाय ना गं ह्यांनी?"

५

माणसाला एखादी गोष्ट कळते ती एकदम कळत नाही. मी अंथरुणात पडून साहित्याच्या वर्गात लिहिलेले निबंध आठवत होते. माणसापुढचे नैतिक पेच. जहाज बुडतंय, वाचवायचं कुणाला. किती सफाईने लिहायचे मी, 'एकीकडे' आणि 'दुसरीकडे' करत. एकदा बाबा असा एक निबंध वाचून म्हणाले होते, "ह्यातला वाचलेला माणूस पुढे काय करतो, ते कुठेच नाही." मी म्हटलं होतं, तो प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

आणि मग मला ते वाक्य आठवलं. त्याने धाकट्याला छातीशी धरलं.

छातीशी मी होते.

मी उठून बसले. निसटलेला हात आणि सोडलेला हात, दोन्हींनंतर पाणी सारखंच. पण एका हाताने मला आणि दुसऱ्याने दादाला धरून बाबांना पोहता येत नसणार. एक हात मोकळा लागला असणार. हे इतकं साधं आहे की ते इतक्या वर्षांत कुणालाच सुचलं नसेल, असं होणार नाही. आईला सुचलं नसेल, असंही होणार नाही. त्या एका वाक्यावर आमचं घर उभं होतं आणि सगळे जण त्याला धक्का न लावता, अंग चोरून त्यात वावरत होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला आत जाण्याआधी गाठलं. चहाच्या यंत्रापाशी, हळू आवाजात, एखादा विद्यार्थी मार्क वाढवून मागतो तसं.

"दचकू, ते एक वाक्य आहे ना. 'निसटला'च ठेवूया का?"

"बाबा..."

"कोण पडताळून बघणार आहे? त्या मुलांना काय, गोष्ट कळल्याशी कारण."

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. एका शब्दाने काय होतं? पण मी म्हटलं, "आधी एकदा घेऊन बघू."

शांतता घेतली. दोन श्वास. मला आता त्यांची इतकी सवय झाली होती, की दुसरा ऐकू आला नसता तर मी दचकले असते. बाबांनी आधीच्या परिच्छेदापासून सुरुवात केली. दरवाजा, गर्दीचा रेटा, पहारेकरी. वाक्यांच्या मधल्या फटींतून ती बारीक शिट्टी येत होती, जात होती. मग "त्याने धाकट्याला छातीशी धरलं" आलं आणि शिट्टी थांबली. कुणीतरी श्वास रोखून धरला होता. सगळी खोली कान देऊन उभी असल्यासारखी.

"आणि थोरल्याचा हात निसटला," बाबा म्हणाले.

हेडफोनमध्ये तो लहान श्वास हळूहळू सुटला. मला वाटतं मी त्याइतकं हिरमुसलेलं दुसरं काही ऐकलेलं नाही.

मी बटण दाबलं.  "नाही बाबा. आहे तसं वाचा."

६

ते वाक्य पुस्तकात दोन पानांवर विभागलेलं आहे. 'छातीशी धरलं आणि' इथे पान संपतं. बाबांचा डावा हात तिथे अडत होता, पान उलटताना दर वेळी माइकला पुस्तक लागत होतं. बाहेर भर दुपारचं ऊन, शेजारच्या खोलीत मॅडम कुणाशी तरी टोनरवरून भांडत होत्या. मी हे मुद्दाम सांगतेय. मला झोप आलेली नव्हती, मी जेवलेही होते.

"आत ये," बाबांनी माइकमध्ये म्हटलं. "एकट्याने जमत नाही."

मी रेकॉर्डिंग चालू ठेवून आत गेले. ते दार मागे लागलं, की कानांत कापूस भरल्यासारखं होतं. त्या खोलीत स्वतःची लाळ गिळलेलीही ऐकू येते. मी बाबांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढलं, डाग टाळून. शिट्टी आता हेडफोनशिवाय ऐकू येत होती. माझ्या कोपराच्या उंचीवरून.

मी खाली पाहिलं नाही. समोर पाहिलं, पुस्तकाकडे.

"तुम्ही वाचा. पान मी उलटते," मी कुजबुजले.

"नको." बाबा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा फार शांत होता. "पान माझं मला उलटलं पाहिजे. तू याला धर जरा."

आणि त्यांनी आपला मिटलेला उजवा हात माझ्या उजव्या हातापाशी आणला, आणि रस्ता ओलांडताना मूल एकाकडून दुसऱ्याकडे देतात तसं, अगदी जपून, बोटं उघडली.

गार होतं. ओलं होतं. छोटी बोटं माझ्या बोटांत चाचपडली, नीट बसली, आणि घट्ट झाली.

मी ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच नेमक्या वेळी मी ओरडले नाही.

बाबांनी मोकळ्या उजव्या हाताने पानाचा कोपरा उचलला. आवाज न करता, जुन्या सफाईने, पान उलटलं.

"आणि थोरल्याचा हात सोडला," त्यांनी वाचलं. भरदार आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. पुढचा परिच्छेदही वाचला, प्रकरण संपेपर्यंत. मग पुस्तक मिटलं, दोन्ही तळवे मांड्यांवर घासले, आणि "झालं" म्हणाले. खूप दिवसांच्या तापातून उठलेला माणूस म्हणतो तसं.

ते उठले आणि दार उघडून बाहेर गेले.

मला वाटलं, पाणी प्यायला गेलेत. येतील आणि याचा हात परत घेतील. काचेतून ते मला दिसत होते. मॅडमशी बोलत होते. मॅडम काहीतरी म्हणाल्या आणि बाबा हसले, मान मागे टाकून. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आतला दिवा लख्ख होता, त्यामुळे काचेत मीही दिसत होते, त्यांच्यावरच उमटलेली, स्टुलावर ताठ बसलेली. माझ्या खांद्याच्या खाली, काचेच्या कडेला, ओल्या केसांचा भांग दिसत होता. केस कपाळाला चिकटले होते.

तो माझ्याकडे पाहत नव्हता. काचेतून बाहेर पाहत होता, बाबा हसत होते तिकडे.

७

बाबा आता छान आहेत. जेवतात, घोरतात, भाजीवाल्याला सनावळी विचारतात. त्यांनी दुसरं पुस्तक वाचायला घेतलंय, विनोदी आहे.

त्याच संध्याकाळी मी त्यांना म्हटलं होतं, "बाबा, घ्या ना आता परत."

"काय घेऊ?" त्यांनी विचारलं. आणि माझ्या हाताकडे पाहून काळजीने म्हणाले, "मनगट दुखतंय का? सारखं माउस धरून होतं असं. शेकून बघ."

ते नाटक करत असते तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनीही मनगटातली नस दबल्याचंच सांगितलंय. व्यायाम दिलेत. बोटं उघडायची, मिटायची. मॅडमनी ते प्रकरण ऐकून फोन केला, "झकास झालंय गं! एका जागी फक्त कुणीतरी शिंकलंय, तेवढं काप आणि शांतता लाव." मी हो म्हटलं. कापलं मात्र नाही.

आई काही विचारत नाही. जेवायला बसलो की माझ्या खुर्चीच्या पाठीवर, उजव्या बाजूला, ती एक कोरडा टॉवेल टाकून जाते. सकाळी तो ओला झालेला असतो. ती तो पिळते आणि दुसरा टाकते. काल टॉवेल टाकताना तिचा हात क्षणभर तिथेच, हवेत, थोपटल्यासारखा थांबला. मी म्हटलं, "आई, तू धरतेस का थोडा वेळ?" ती इतकी आशेने माझ्याकडे आली. तिने माझ्या हाताभोवती चाचपून पाहिलं. तिला काही लागलं नाही. ती मटार आणायला निघून गेली.

हे सगळं मी डाव्या हाताने टाइप करतेय, एकेक अक्षर शोधत. बोटं उघडली, की झालं. बाबांनी उघडली तेव्हा मी पाहिलं आहे, त्यात काही कठीण नसतं. कधी दमून झोप लागेल तेव्हा ती आपोआप सैल पडतील, असंही वाटतं. पण झोप लागत नाही. डोळा लागायला आला, की माझ्या कोपराशी तो लहान श्वास थांबतो. काय होतंय ते ऐकत राहतो.

आणि बोटं सुटली, तर त्यानंतर मला 'निसटला' असं म्हणता येणार नाही. तो शब्द मीच काढून टाकायला लावलाय.